सीए ऑफिसचा न उचललेला फोन आणि एआय रिसेप्शनिस्ट: बेळगावातल्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार: कामाची हद्द

टिळकवाडीतलं चार माणसांचं सीए ऑफिस. फोन कुणी उचलला नाही किंवा लाईन बिझी असली, तरच एआय एजंटने (फोनवर बोलणाऱ्या कॉम्प्युटरने) उचलायचा. त्याने चार गोष्टी घ्यायच्या: नाव, गाव, परत फोन करायचा नंबर आणि काम कशाचं. भेटीची वेळ कुणी मागितली तरच. कर किती, दंड किती, शेवटची तारीख कधी, फी काय, यांतल्या कशालाच उत्तर द्यायचं नाही.

विकणाऱ्यांच्या डेमोत एजंट सगळंच सांगतो आणि ऐकणारा खूश होतो. पण अशा ऑफिसचं नुकसान होतं ते उत्तर जागेवर न मिळाल्याने नव्हे. परतीचा नंबर चुकीचा उतरला की पार्टी दुसरीकडे जाते. म्हणून मेहनत नंबर, गाव आणि भाषा यांवर घालायची.

फोन येतात ते उद्यमबागेतल्या मशीनशॉपमधून, शहापूर-वडगावच्या विणकरांकडून, खानापूर आणि निपाणीच्या व्यापाऱ्यांकडून, शिवाय हद्दीपलीकडून चंदगडच्या काजूवाल्यांकडून. मराठी, कन्नड, हिंदी, आणि बऱ्याचदा एकाच वाक्यात दोन.

८ ऑक्टोबर: नंबर तोच, फॉरवर्डिंग सशर्त

ऑफिसचा मोबाईल नंबर बोर्डावर आहे, शिक्क्यावर आहे, कित्येकांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं सेव्ह आहे. तो बदलायचा नाही. एजंटसाठी वेगळा नंबर घ्यायचा आणि मोबाईलवरून तिकडे फॉरवर्ड करायचं.

फोनच्या कॉल सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचे चार पर्याय असतात: कायम, बिझी असताना, उचलला नाही तर, आवाक्याबाहेर असताना. पहिला बंद, बाकीचे तीन चालू. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडी पद्धतीचं (* आणि # चे कोड डायल करून होणारं) कॉल फॉरवर्डिंग थांबवायला लावलंय, त्यामुळे जुन्या चिठ्ठीवरचा *४०१# कोड चालेल असं धरू नये. सेटिंगमधून होत नसेल तर ऑपरेटरच्या कस्टमर केअरकडून करून घ्यावं. दोन सिमच्या फोनमध्ये हे सेटिंग प्रत्येक सिमला वेगळं असतं. ऑफिसचं सिम निवडलंय का ते आधी बघावं.

उचलण्याआधीचा वेळ २० सेकंद. १० सेकंदांवर ठेवला तर माणूस खुर्चीवरून उठेपर्यंत फोन एजंटकडे जातो. दुसरं कारण आपल्याकडच्या मिस कॉलचं. एक रिंग देऊन ठेवणारे अजून भरपूर आहेत; त्यांना बोलायचं नसतं, उलटा फोन हवा असतो. लाईन बिझी असताना मात्र फोन लगेच वळतो, म्हणून एजंटच्या बाजूनेही दोन रिंग जाऊ द्यायच्या. त्याआधी तुटलेले कॉल ‘मिस कॉल’ यादीत पडतात आणि ऑफिस त्यांना उलटा फोन करतं.

९ ऑक्टोबर: ट्रंक, चॅनेल, कॉलर आयडी

सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी फोनलाईन) परवानाधारक भारतीय ऑपरेटरकडून, ०८३१ च्या नंबरसह. बाहेर अ‍ॅस्टेरिस्क सर्व्हर (कॉल हाताळणारं सॉफ्टवेअर), मुंबईच्या डेटा सेंटरात. ऑफिसमध्ये काहीच ठेवलं नाही, कारण पावसात लाईट गेली की राऊटर बंद आणि एजंटही बंद. क्लाऊडमध्ये असला की ऑफिस अंधारात असतानाही फोन उचलला जातो.

चॅनेल (एका वेळी चालू शकणारा एक कॉल) मोजताना गफलत होते ती इथे. आलेला फोन एजंटने साहेबांच्या मोबाईलला जोडला की एकाच संभाषणाला दोन चॅनेल लागतात, एक येणारा, एक जाणारा. दोन चॅनेलच्या ट्रंकवर असा एक फोन चालू असेल तर पुढच्याला एंगेज टोन. चार चॅनेल घेतले.

फॉरवर्ड झालेल्या कॉलचा कॉलर आयडी पहिल्याच दिवशी तपासावा. काही मार्गांवर मूळ माणसाचा नंबर येतो, काहींवर फॉरवर्ड करणाऱ्या मोबाईलचा. दुसऱ्या प्रकारात रजिस्टरभर ऑफिसचाच नंबर दिसतो आणि उलटा फोन स्वतःलाच लागतो. मूळ नंबर पी-अ‍ॅसर्टेड-आयडेंटिटी हेडरमध्ये (कॉलसोबत येणाऱ्या माहितीच्या ओळीत) येतोय की फ्रॉममध्ये, आणि डायव्हर्जन हेडरमध्ये काय आहे, हे ट्रंकवाल्याकडून लेखी घ्यावं. एजंटच्या कोडमध्ये एक नियम टाकलाय: कॉलर आयडी ऑफिसच्या नंबरांपैकी असेल तर तो ‘माहीत नाही’ समजायचा.

१३ ऑक्टोबर: आवाज

टेलिफोनचा आवाज जी.७११ ए-लॉ (फोनच्या आवाजाची प्रमाण पद्धत), ८,००० नमुने प्रतिसेकंद; ३४०० हर्ट्झच्या वरचं जवळपास काही पोहोचत नाही. बोलणं ओळखणारी बहुतेक मॉडेल १६,००० वर शिकलेली. ८ चे १६ करून दिले तरी गेलेला भाग परत येत नाही. म्हणून मॉडेल निवडताना लॅपटॉपच्या माईकवरची चाचणी बाजूला ठेवावी आणि खऱ्या फोनवरून आलेला आवाजच द्यावा. ‘स’ आणि ‘फ’ इथेच गळतात. इंग्रजी ‘फाईव्ह’ आणि ‘नाईन’ही इथेच एकमेकांत मिसळतात.

अ‍ॅस्टेरिस्कमधून ऑडिओसॉकेट या जोडणीने १६ बिटचा आवाज बाहेर काढला. २० मिलिसेकंदांची एक फ्रेम म्हणजे १६० नमुने, ३२० बाइट. फ्रेमचा आकार चुकला तर आवाज चिपमंकसारखा चिरका येतो किंवा मध्येच तुटतो, आणि दोष मॉडेलवर जातो.

एकच बाजू ऐकू येत असेल तर बहुधा फायरवॉलमधले आरटीपी पोर्ट (आवाज वाहून नेणारे, डिफॉल्ट १०००० ते २००००) बंद असतात. ऑफिसच्या राऊटरमागे सिप फोन लावलाच, तर राऊटरमधलं सिप एएलजी (सिप कॉलमध्ये ढवळाढवळ करणारी सोय) बंद करावं.

२७ ऑक्टोबर: भाषा

दिवाळीनंतर भाषेचं काम. ‘मराठीसाठी एक दाबा, कन्नडसाठी दोन दाबा’ हा मार्ग पहिल्याच बैठकीत बाद केला. या भागात कोणती भाषा आधी म्हटली यावरून माणसाचं मन खट्टू होतं, आणि वयस्कर लोक मेनू पूर्ण ऐकत नाहीत. एजंट “नमस्कार” म्हणतो, ऑफिसचं नाव सांगतो आणि थांबतो. माणूस ज्या भाषेत सुरू करेल ती भाषा.

अडचण पहिल्या वाक्याची. “हॅलो”, “हां”, “साहेब?” यावरून भाषा ओळखणारं मॉडेल काहीही सांगतं. तीन शब्दांपेक्षा छोट्या बोलण्यावर भाषेचा निर्णयच घ्यायचा नाही, असा नियम घातला. एकदा भाषा ठरली की सलग दोन वेळा दुसरी आली किंवा माणसाने स्वतः सांगितलं तरच बदलायची. नाहीतर “नाळे हन्नोंदूवरेला येऊ काय?” (उद्या साडेअकराला येऊ का) असं कुणी विचारलं की एजंट कन्नडात, पुढचं “हो की” ऐकून मराठीत, मग परत कन्नडात. समोरचा वैतागून फोन ठेवतो.

मराठी आणि कन्नडची दोन वेगळी मॉडेल एकाच वेळी चालवून ज्याची खात्री जास्त ते घ्यावं, ही कल्पना सुचते सगळ्यांनाच. चालत नाही. दोन मॉडेलचे खात्रीचे आकडे एका मापाचे नसतात. अनेक भारतीय भाषा एकत्र शिकलेलं एकच मॉडेल बरं. मिश्र वाक्यात कन्नड शब्द देवनागरीत येतात किंवा मराठी शब्द कन्नड लिपीत, पण पुढचं भाषा-मॉडेल (मजकूर वाचून उत्तर तयार करणारं) ते बऱ्यापैकी सांभाळून घेतं. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटाची खुली मॉडेलं तुलनेसाठी हाताशी ठेवावीत.

बोलीचाही विचार हवा. “येऊलालो”, “करूलालोय” हे पुस्तकी मराठीवर शिकलेल्या मॉडेलला ‘येऊ लागलो’ वाटतं. त्याने बिघडत नाही, अर्थ पोहोचतो. बिघडतं ते वाराला: “बेस्तरवारी येतो” मधला गुरुवार मॉडेल गाळून टाकतं. बेस्तरवार, ऐतवार हे शब्द सूचना-यादीत (बोलणं ओळखणाऱ्या मॉडेलला आधीच दिलेल्या शब्दांत) घातले.

गावांची यादी त्याच जागी. अनगोळ, मच्छे, मजगाव, येळ्ळूर, बेनकनहळ्ळी, हिंडलगा, पिरनवाडी, कणबर्गी. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द यांना लोक “कंग्राळी बीके” आणि “कंग्राळी केएच” म्हणतात. दोन्ही रूपं यादीत हवीत. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी असलं तरी फोनवर बेळगाव, बेळगावी, बेलगाम तिन्ही येतात, तिन्ही एकाच खणात. गाव मागायचं कारण आडनावं. ‘पाटील’ एवढाच निरोप आला तर ऑफिसला काहीच कळत नाही.

२९ ऑक्टोबर: आकडे

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

लोक मोबाईल नंबर किती तऱ्हांनी सांगतात: “नाईन एट फोर फाईव्ह”, “अठ्ठ्याण्णव पंचेचाळीस”, “डबल सेवन, ट्रिपल झिरो”, “ओंबत्तु एंटु नाल्कु”. अर्धा इंग्रजीत आणि शेवटचे चार आकडे मराठीत, हेही नेहमीचं. मराठीत एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद यांत गोंधळ. कन्नडात एप्पत्तु, एंबत्तु, तोंबत्तु हे सत्तर, ऐंशी, नव्वद फोनवर सारखेच ऐकू येतात. शून्याला झिरो, शून्य आणि सोन्ने.

शब्दांचे आकडे करायचं काम भाषा-मॉडेलवर सोडू नये. ते एखादा आकडा गाळतं आणि नंबर दहा अंकी व्हावा म्हणून स्वतःच एक भरतं, तेही पूर्ण आत्मविश्वासाने. ० ते ९९ चा तक्ता कोडमध्ये ठेवला, प्रत्येक आकड्याच्या लेखनभेदांसह (अठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्यान्नव). तक्त्यात न बसणारा शब्द आला की अंदाज नाही, परत विचारायचं.

क्रम असा लागला. कॉलर आयडी मिळालेला असेल तर फक्त शेवटचे चार आकडे वाचून “याच नंबरावर फोन करू का?” एवढंच विचारायचं, बहुतेकांचं इथेच भागतं. नसेल तर पाच-पाच आकड्यांचे दोन तुकडे. पहिला तुकडा घेऊन लगेच वाचून दाखवायचा, मग दुसरा. पहिला अंक ६ ते ९ मधला नसेल तर पुन्हा. दोनदा चुकलं की कीपॅड: “नंबर फोनवर दाबा”. कीपॅडचे टोन आरएफसी ४७३३ पद्धतीने (आवाजापासून वेगळे) यायला हवेत, आवाजात मिसळून आले तर काही अंक दुहेरी मोजले जातात. ट्रंक चालू करतानाच हे बघून घ्यावं.

नंबर सांगताना माणूस कागद बघतो, चष्मा शोधतो, मागे कुणाला तरी विचारतो. एरवी ७०० मिलिसेकंद शांतता झाली की बोलणं संपलं असं धरतो. नंबरच्या वेळी तीच मर्यादा २,००० करायची आणि पाच आकडे होईपर्यंत एजंटने तोंड उघडायचं नाही.

वाचून दाखवतानाही अंक सुटे सुटे, मध्ये जागा सोडून द्यावेत. सलग दिले तर आवाजाचं मॉडेल दहा अंकी नंबर अब्ज-कोटींत वाचतं.

३० ऑक्टोबर: तारखा एजंटच्या तोंडी नकोत

ऑक्टोबरभर तारखा हलत होत्या. सप्टेंबरच्या जीएसटीआर-३बी ची (जीएसटी रिटर्नची) मुदत २० ची २५ ऑक्टोबर झाली. टॅक्स ऑडिट रिपोर्टची ३० सप्टेंबरची आधी ३१ ऑक्टोबर आणि काल १० नोव्हेंबर झाली. भाषा-मॉडेलला आठवते ती शिकताना वाचलेली तारीख, आणि ते ती ठामपणे सांगतं. त्यावर विसंबून कुणी चलन उशिरा भरलं तर लेट फी त्याच्या डोक्यावर, बोल ऑफिसला.

‘सांगू नकोस’ एवढी सूचना पुरत नाही. माणसाने तिसऱ्यांदा विचारलं की मॉडेल विरघळतं. म्हणून बोलण्यापूर्वी चाळणी: एजंटच्या उत्तरात तारीख, टक्केवारी किंवा रुपये असतील आणि ते भेटीच्या वेळेशी जुळत नसतील, तर ते वाक्य टाकून ठरावीक वाक्य जातं, “हे साहेब स्वतः सांगतील, मी निरोप ठेवते.” २२ सप्टेंबरच्या जीएसटी दरबदलानंतर ‘आमच्या मालाला आता किती?’ असे फोन रोज येतात, त्यांनाही हेच.

अपवाद एक. सकाळी साहेब एका शीटमध्ये ‘आजची सूचना’ लिहितात, एक ओळ. ती भरलेली असेल तर एजंट शब्दशः वाचतो. दुपारी बारानंतर कालची ओळ आपोआप पुसली जाते.

३ नोव्हेंबर: वेळ आणि सुट्ट्या

साडेचार, पावणेपाच, सव्वापाच, दीड, अडीच यांचाही तक्ता. ‘पावणे’ गाळलं गेलं तर पाचची वेळ लागते आणि माणूस पंधरा मिनिटं आधी येऊन बसतो. ‘साडे’ गाळलं तर अर्धा तास आधी साहेबांची वाट. ‘परवा’ दोन्हीकडे चालतो: “परवा येतो” आणि “परवा फाईल दिलेली”. क्रियापद भूतकाळी असेल तर वेळ लावायचीच नाही. शंका आली की वार आणि तारीख दोन्ही म्हणून खात्री: “बुधवारी, पाच तारखेला, सकाळी साडेअकरा. बरोबर?”

सुट्ट्या कर्नाटकाच्या यादीप्रमाणे. राज्योत्सव, कनकदास जयंती या दिवशी चंदगड किंवा कोल्हापूरकडच्या पार्टीला कामाचाच दिवस असतो, फोन येतोच. त्या दिवशी अभिवादनातच ‘आज ऑफिस बंद’ हे आधी यावं.

६ नोव्हेंबर: हॅलो, हॅलो

एजंट बोलत असताना समोरचा बोलला तर एजंटने थांबायचं, ही सोय बरोबरच. पण आपल्याकडे फोन लागला की माणूस “हॅलो, हॅलो” म्हणतच राहतो, आणि प्रत्येक हॅलोला अभिवादन तुटतं. हॅलो, हां, हो री, बोला, हे शब्द एकटे आले तर एजंटने न थांबता पुढे बोलायचं.

उद्यमबागेतून येणाऱ्या फोनमागे लेथ आणि कॉम्प्रेसर चालू असतो. शांतता येतच नाही, एजंट वाट बघत राहतो. एका बोलण्याला १२ सेकंदांची कमाल मर्यादा घातली. आवाज गाळण्याचं फिल्टर जोरात लावलं तर व्यंजनंही जातात, त्यामुळे मध्यमच ठेवावं. अशा फोनला तीन फेऱ्यांत काही हाती आलं नाही तर एजंट ओढत बसत नाही: “आवाज नीट येत नाही, ऑफिसमधून फोन येईल.” नंबर कॉलर आयडीवरून.

अभिवादन सात-आठ सेकंदांच्या आत. लांबलं तर लोक ठेवतात, शिवाय आवाज-मॉडेलचं बिल अक्षरांवर असतं आणि अभिवादन प्रत्येक फोनला जातं.

१० नोव्हेंबर: ओटीपी, आधार

ऑडिटची शेवटची तारीख, फोन भरपूर. आजचा मुद्दा मात्र वेगळा. सीए ऑफिसला फोन करणारे न विचारता आधार नंबर, पोर्टलचा पासवर्ड आणि नुकताच आलेला ओटीपी सांगून मोकळे होतात. माणसाला सांगायची सवय आहे, मशीनलाही सांगतात.

‘ओटीपी’ शब्द ऐकू आला की एजंट बोलणं तोडून म्हणतो, “ओटीपी इथे सांगू नका”, आणि कामाची वेळ असेल तर फोन जोडून देतो. पुढचे चार ते सहा आकडे निरोपात लिहिलेच जात नाहीत. बारा आकडी संख्या आधार समजून झाकायची, इथे मात्र गाठ पडते: ९१ लावून सांगितलेला मोबाईल नंबरही बारा आकडी होतो. आधारचा शेवटचा अंक व्हरहॉफ पद्धतीचा पडताळणी अंक असतो, तो तपासून बरेचसे नंबर सुटे होतात. ९१ ने सुरू होऊन पडताळणीही जुळली तर झाकायचं आणि मोबाईल पुन्हा विचारायचा.

१२ नोव्हेंबर: गुप्तता

“भावाचं रिटर्न झालं काय?”, “आमच्या पार्टनरने कागद दिले का?” हे साधे वाटणारे प्रश्न. चार्टर्ड अकाउंटंट्स अ‍ॅक्ट, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला देणं गैरवर्तन ठरतं. अमका आपला क्लायंट आहे, एवढंही एजंटने म्हणू नये. सगळ्यात पक्का उपाय साधा आहे: एजंटला क्लायंटची यादीच दिलेली नाही. नावं जुळवणं ऑफिसचा माणूस नंतर करतो.

त्याच कायद्यात काम मिळवण्यासाठी जाहिरात करण्यावर बंधनं आहेत. ‘आमच्याकडे लवकर होतं’ असली गोड वाक्यं भाषा-मॉडेल न सांगता पेरतं. चाळणीत तीही धरली.

१७ नोव्हेंबर: रेकॉर्डिंग

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम गेल्या आठवड्यात अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील, पण वळण आत्ताच लावलेलं बरं. अभिवादनात सरळ सांगितलंय की हा कॉम्प्युटर बोलतोय आणि निरोप लिहून घेतोय. आवाज ठेवत नाही. निरोपाचा मजकूर ९० दिवसांनी पुसला जातो.

२० नोव्हेंबर: एसएमएस

निरोप मिळाल्याचा एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी व्यवस्थेवर) हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा नमुना) दोन्ही आधी नोंदवावी लागतात. एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मेसेज अडतो. देवनागरी किंवा कन्नड लिपीत एका एसएमएसला ७० अक्षरं मिळतात, इंग्रजीत १६०. मराठी आणि कन्नड टेम्प्लेट ७० च्या आत बसवल्या, नाव गाळून फक्त वेळ ठेवली.

२४ नोव्हेंबर: निपाणीची शाखा

निपाणीत आठवड्यातून एक दिवस बसणं असतं. तिथल्या बऱ्याच व्यापाऱ्यांचं दुकान कर्नाटकात आणि गोदाम कागल बाजूला महाराष्ट्रात. जीएसटी नंबर दोन: एक २९ ने सुरू होणारा, एक २७ ने. काम कोणत्या नोंदणीचं हे न कळता निरोप आला तर ऑफिसला परत फोन करून तेच विचारावं लागतं. पंधरा अक्षरी जीएसटीआयएन (पूर्ण जीएसटी नंबर) फोनवर घेण्याचा प्रयत्न करू नये. ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ यांत आठ किलोहर्ट्झवर फारसा फरक उरत नाही. एजंट एकच प्रश्न विचारतो: “काम कर्नाटकच्या नंबराचं की महाराष्ट्राच्या?” उत्तर रजिस्टरात २९ किंवा २७ म्हणून पडतं. चंदगडची पार्टी असेल तरी प्रश्न गाळायचा नाही, त्यांच्यातल्या काहींचं विक्रीचं दुकान बेळगावात असतं. व्यवसाय कराचं कामही याच प्रश्नावर वेगळं होतं, कारण दोन्ही राज्यांचे दर आणि पोर्टल वेगळे.

निपाणीच्या फोनला फॉरवर्डिंगची वेळ २० ऐवजी ३० सेकंद केली आहे. तिथे एकच माणूस बसतो आणि समोर पार्टी असताना त्याचा हात फोनकडे उशिरा जातो.